यांत्रिक मोडीवाचन आणि मराठवाड्याचीं दप्तरें

मोडी कागद यंत्रापुढें धरावा आणि त्याचें बाळबोध लिप्यंतर क्षणार्धांत हातीं यावें, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीं कोणी बोलून दाखविली असती तर ती थट्टेवारी गेली असती. आज तिची थट्टा करण्याची सोय राहिलेली नाहीं. इ. स. २०२५ मध्यें रुरकी येथील आय. आय. टी. चे प्राध्यापक स्पर्श मित्तल व त्यांचे सहकारी यांनीं ‘मोडेट्रान्स’ या नांवाचा २,०४३ मोडी प्रतिमांचा संग्रह बाळबोध लिप्यंतरासह सिद्ध केला, आणि ‘मोस्कनेट’ या नांवाचें वाचनयंत्रही विद्वानांपुढें मांडलें. (यंत्र म्हणजे येथें संगणकांत चालणारी गणितपद्धति समजावी, चाकें व दांडे शोधूं नयेत.) या कामाचें स्वागत झालें तें योग्यच झालें. परंतु स्वागत वेगळें व परीक्षण वेगळें. ज्यांच्या घरीं किंवा संस्थेंत रुमाल बांधलेले आहेत त्यांस या यंत्राचा उपयोग कोठवर व धोका कोठून, याची चिकित्सा होणें अगत्याचें आहे. ती आम्ही मुद्दाम मराठवाड्याच्या, विशेषतः छत्रपति संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथील दप्तरांच्या दृष्टीनें करीत आहों. कारण पुण्याच्या दप्तरास जें लागू पडतें तें येथें जसेंच्या तसें लागू पडत नाहीं.

प्रथम श्रेयाचा विचार. इ. स. २०१४ च्या जूनमध्यें युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या सातव्या आवृत्तींत मोडीस प्रथमच स्वतःचीं घरें मिळालीं. त्याच सुमारास येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागांतील अभ्यासकांनीं हस्तलिखित मोडी आंकडे यंत्राकडून ओळखवून घेण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या काळच्या बहुतेक प्रयत्नांची रीत एकच होती: अक्षर सुटें करावयाचें, त्याचा आकार मोजावयाचा, व तें कोणत्या वर्गांत बसतें तें ठरवावयाचें. सुट्या आंकड्यास ही रीत चालते. परंतु मोडी म्हणजे सुट्या अक्षरांची रांग नव्हे. आधीं ओळभर शिरोरेषा ओढावयाची, मग बोरू शक्यतों न उचलतां तिला अक्षरें लटकवीत जावयाचें, शब्दाशब्दांत जागा सोडावयाची नाहीं, वेलांटींत व उकारांत ऱ्हस्वदीर्घ पाळावयाचें नाहीं, अनुस्वार वाटला तर द्यावयाचा. अशा लिपींत अक्षर कोठें संपलें हेंच आधीं ठरत नाहीं. रुरकीच्या मंडळींनीं सुट्या अक्षरांचा नाद सोडून सबंध प्रतिमेवरून एकदम लिप्यंतर उतरविण्याची रीत धरली. एका मोठ्या यंत्राच्या हाताखालीं त्यांनीं एक शिकाऊ यंत्र तयार केलें, आणि तें आकारानें १६३ पट लहान असतांही गुरूहून सरस चालतें असें दाखविलें. याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, असें साधन पुढेंमागें एखाद्या तालुक्याच्या गांवच्या संस्थेसही परवडेल. नमुने निवडतांना शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन अशीं वळणें निरनिराळीं धरलीं, हेंही उचितच.

पण २,०४३ हा आंकडा किती मोठा? लिप्यंतर न झालेल्या मोडी कागदांचा अंदाज याच लेखकांनीं सुमारें ४ कोटी दिला आहे. म्हणजे वीस हजार कागदांमागें एक नमुना. नमुना थोडा असणें हा दोष नव्हे. नव्या उद्योगाचा आरंभ असाच व्हावयाचा. दोष लागतो तो तेथें, जेथें थोड्या नमुन्यावर शिकलेलें यंत्र कधीं न पाहिलेल्या वळणापुढेंही ‘येथें मला वाचतां येत नाहीं’ असें म्हणत नाहीं.

हा आमचा मुख्य आक्षेप आहे, आणि तो एकट्या मोस्कनेटवर नसून या जातीच्या सर्व यंत्रांवर आहे. जुना वाचक कागद वाचतांना अडला म्हणजे अडे. कसरीनें खाल्लेल्या अथवा ओलीनें पुसट झालेल्या जागीं टिंबें देण्याची चाल आपल्या छापील साधनांत राजवाड्यांच्या पिढीपासून चालत आली आहे, आणि त्या टिंबांवर आपण विश्वास ठेवतों तो एवढ्याचसाठीं कीं, त्यांवरून बाकीचें वाचन प्रामाणिक असल्याची खात्री पटते. भाषेच्या अफाट नमुन्यांवर पोसलेलें यंत्र अडत नाहीं. पुढें कोणतें अक्षर येण्याचा संभव अधिक, या हिशेबावर तें चालतें. शाई उडालेली असेल तेथें संभवनीय अक्षर घालून तें मोकळें होतें, आणि इतक्या सराईतपणें घालतें कीं सांधा दिसत नाहीं. या गोष्टीस आपल्या शास्त्रांत जुनें नांव आहे: प्रक्षेप. येथून जवळच पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती मूळ ग्रंथांत शिरलेले अपपाठ काढण्यासाठींच. वेडाविद्रा प्रक्षेप कोणीही ओळखतो. त्रास देतो तो मुळासारखा दिसणारा. त्या गोष्टीस चारशें चाळीस वर्षें होऊन गेलीं, आणि तोच रोग आतां नव्या वाटेनें येत आहे. फरक एवढाच कीं, पूर्वीं प्रक्षेपकर्त्याचें वळण, त्याची बोली, त्याचा संप्रदाय यांवरून त्याचा माग काढतां येई. यंत्राला स्वतःची बोली नसते, म्हणून त्याचा मागही निघत नाहीं.

यंत्राच्या परीक्षेची जी रीत रूढ आहे तिच्यानें हा दोष उघडा पडत नाहीं. शंभर अक्षरांत किती चुकलीं, किंवा नमुन्याच्या लिप्यंतराशीं किती शब्दसमूह जुळले, यावर गुण दिले जातात. या रीतीनें सर्व अक्षरें सारख्या मोलाचीं ठरतात. नारायणराव पेशव्यांच्या वधासंबंधींची (३० ऑगस्ट १७७३) ‘ध’ चा ‘मा’ केल्याची कथा पुरावा म्हणून कवडीमोलाची आहे. परंतु ती घटकाभर खरी धरून त्या कागदाची परीक्षा आजच्या रीतीनें केली, तर शंभर अक्षरांत एक चुकलें म्हणून लेखणी फिरविणारास नव्याण्णव गुण द्यावे लागतील.

तारखांचें उदाहरण याहून बोधप्रद आहे, कारण तें कथेंतलें नाहीं, रोजच्या व्यवहारांतलें आहे. मराठी कागदांतील सुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांनीं लिहिला जाई. ‘आर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७४. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे मृगापासून सुरू होणारें इ. स. १७७३-७४ हें वर्ष येतें. आतां या शब्दांकडे पहा. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर. तिसा म्हणजे नऊ, तिसैन म्हणजे नव्वद. आर्बा व आर्बैन यांत चार व चाळीस इतकें अंतर. आजच्या मराठीवर वाढलेल्या यंत्राला हे शब्द परके. त्यांतील एक मात्रा व एक न इकडचे तिकडे झाले तर अक्षरचूक दोनच, पण वर्षें कोठल्या कोठें जातात. येथें मात्र यंत्राकडूनच उपायही करून घेतां येईल. एकं आधीं, दहं मागून, मग शेंकडा व हजार, हा या शब्दांचा क्रम ठरलेला आहे. ‘आर्बा सबा मया व अलफ’ असें वाचन निघालें तर एकंच्या जागेचे दोन शब्द लागोपाठ आले, म्हणजे वाचन चुकलें, एवढें तरी यंत्रास शिकवितां येतें. ‘सबैन’ चें ‘तिसैन’ झालें तर मात्र हा नियम मुका राहील, आणि पत्र वीस वर्षें पुढें जाईल. तेथें पत्रांतलीं माणसें तेव्हां हयात होतीं काय, हें जाणणारा वाचकच पाहिजे.

हिशेबी कागदांत आणखी एक खांच आहे. उभी एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, ही चाल आमच्या वाचकांस सांगावयास नको. ‘४॥’ हे साडेचार रुपये होत. ज्या यंत्राला ही चाल कोणी शिकविली नाहीं तें या रेघांस दंड समजेल अथवा आंकडा समजेल, आणि साडेचाराचे चारशें अकरा करून पुढच्या ओळीस जाईल. मोडी आंकड्यांवर विद्यापीठांत जे प्रयोग झाले ते या अपूर्णांकचिन्हांपर्यंत पोंचविले पाहिजेत. गांवच्या जमाखर्चांत पूर्णांकाहून त्यांचीच वर्दळ अधिक असते.

लिप्यंतरापुढची पायरी भाषांतराची. केंद्र सरकारनें इ. स. २०२२ मध्यें ‘भाषिणी’ ही योजना चालू केली, आणि तेव्हांपासून हिंदी भाषांमधील यांत्रिक भाषांतराची प्रगति खरोखर झपाट्यानें झाली आहे. आजचें सरकारी परिपत्रक किंवा शेतीची सूचना मराठींत आणण्यास तीं साधनें चांगलीं आहेत. परंतु तीं ज्या मराठीवर शिकलीं ती आजची मराठी. जुन्या कागदांतील ‘इनाम’ हें बक्षीस नव्हे, सारामाफीची जमीन होय. ‘वतन’ हें स्वदेश नव्हे, पिढीजाद हक्क व त्याची चाकरी होय. ‘मौजे मजकूर’ यांतला मजकूर लेखांतला नव्हे. तें गांव ‘वर सांगितलेलें’ आहे. असे शेंकडों शब्द आहेत, आणि ते परके वाटत नाहींत हाच त्यांचा घातकपणा. ‘इस्तकबाल’ पुढें आला तर यंत्र निदान बुचकळ्यांत पडण्याचा संभव आहे. ‘इनाम’ पुढें आलें तर तें बेधडक पुढें जाईल. ऐतिहासिक शब्दांचा कोश यंत्राच्या हातीं दिल्यावांचून जुन्या कागदाचें यांत्रिक भाषांतर करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

येथवरचे आक्षेप कोणत्याही मोडी दप्तरास लागू आहेत. मराठवाड्याची अडचण याहून खोल आहे. येथें एका गांवाचा इतिहास एका लिपींत सांपडत नाहीं. मोगलांच्या दख्खन सुभ्याचें दप्तर फारशींत, आणि तेंही नुक्ते टाकून धांवत्या शिकस्ता वळणांत लिहिलेलें. येथील किल्ले अर्कमध्यें तें पडून होतें; इ. स. १९१६ मध्यें तें हैदराबादेस नेण्यांत आलें. शाहजहान व औरंगजेब यांच्या कारकीर्दींतील त्या कागदांची संख्या दीड लाखांहून अधिक आहे, आणि डॉ. युसुफ हुसेन खां यांनीं १९५० सालीं शाहजहानकालीन कागदांची निवड छापविली. पुढें निजामाच्या राज्यांत दरबारची भाषा १८८४ पर्यंत फारशी, नंतर उर्दू. गांवचा कुळकर्णी मात्र मोडींतच लिहीत राहिला. १९४८ नंतर बाळबोध आली. म्हणजे पैठण परगण्यांतील एका शेताचा माग काढावयाचा तर मोगलाई यादी, निजामशाहीची उर्दू मिसल, कुळकर्ण्याचा मोडी खर्डा व अलीकडचा सात-बारा, असे चार कागद चार वळणांत वाचावे लागतात. रुरकीचें यंत्र यांपैकीं एकच वाचूं पाहतें. त्याच्या तीन काळांत निजामी मोडीला स्वतंत्र घर नाहीं; आणि उर्दूच्या शेजारीं वाढलेल्या कारकुनाची शब्दयोजना पुण्याच्या कारकुनासारखी असेल असें गृहीत धरतां येत नाहीं.

ही अडचण केवळ विद्वानांची नाहीं, हें गेल्या तीनचार वर्षांत सर्वांस दिसून आलें. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि मराठवाड्याच्या जुन्या नोंदींत ‘कुणबी’ ही नोंद शोधण्याचें काम सुरू झालें. पुढें तें राज्यभर पसरलें. आरक्षणाच्या वादांत पडण्याचें या पृष्ठांचें काम नाहीं, व आम्ही पडतही नाहीं. परंतु दप्तराच्या दृष्टीनें त्या शोधानें जें उघडें केलें तें लिहून ठेवण्याजोगें आहे. ज्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, खासरापत्रकें, पाहणीपत्रकें व शाळांचे प्रवेशनोंदीचे गठ्ठे यांकडे आम्हां इतिहासवाल्यांपैकीं फारच थोडे वळले होते, त्यांवर हजारों कुटुंबांचें भवितव्य एकाएकीं टांगलें गेलें. कलेक्टर कचेऱ्यांस मोडी व उर्दू वाचणारे हुडकून आणावे लागले. सूची नव्हती. कोणत्या गांवची कोणती वही कोणत्या कपाटांत, हेंच आधीं शोधावें लागलें. रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड काढले, तेव्हां निवडीचा भर राजकारणावर असणें स्वाभाविक होतें. गांवखात्याचे कागद मागें राहिले. त्यांची वाट पाहणारे कोणी असेल, असें त्या वेळीं कोणास वाटलें नाहीं.

अशा कामीं यंत्र घालावें कीं नाहीं? घालावें, पण त्याच्याकडून काय मागावयाचें तें आधीं ठरवावें. एका नोंदींत नुसतें ‘कु.’ असें असेल तर तें कुणबी, कुळकर्णी कीं कुमार, याचा निवाडा आजूबाजूच्या रकान्यांवरून माणसानें करावयाचा. यंत्रानें तेथें पूर्ण शब्द भरून दिला, तर त्यानें वाचन केलें नाहीं, निकाल दिला; आणि ज्याच्या घरीं तो निकाल लागला किंवा लागला नाहीं, त्यास तो कोणत्या न्यायानें लागला हें कळावयाचें नाहीं. मात्र दहा हजार पानांतून ज्या पानांवर असा शब्द असण्याचा संभव आहे तीं दोनशें पानें यंत्रानें बाजूस काढून दिलीं, तर तें महिन्यांचें काम दिवसांवर आणील. चुकलें तरी चूक पानापाशीं सांपडते, कारण शेवटीं पान माणूस पाहतो.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, यंत्रास वाचक म्हणून नेमूं नये, सूचीकार म्हणून नेमावें. डच लोकांनीं हें चांगलें ओळखलें आहे. ॲमस्टरडॅम येथील हुयगेन्स संस्थेच्या ‘ग्लोबलाइझ’ या प्रकल्पांत डच ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तराचीं सुमारें ५० लाख पानें यंत्राकडून वाचवून शोधण्याजोगीं केलीं आहेत. या कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती, आणि शिवकालाच्या अभ्यासांत तिच्या कागदांचा उपयोग डॉ. बाळकृष्ण यांच्यासारख्यांनीं पूर्वींच करून दाखविला आहे. तेथें यांत्रिक वाचन मूळ पानाच्या प्रतिमेशेजारीं ठेवलेलें असतें. शब्द शोधा, पान गांठा, आणि मग स्वतः वाचा, असा तो मार्ग आहे. यांत्रिक वाचनाला तेथें संपादित ग्रंथाचा मान दिलेला नाहीं.

सूचीचें काम सोपें आहे असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. याच शहराचें नांव घ्या. मलिकंबरानें १६१० मध्यें वसविली तेव्हां ती खडकी. त्याच्या मुलाच्या काळीं फत्तेनगर. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावर, १६५३ पासून, औरंगाबाद. मोगली नाण्यांवर व फर्मानांत खुजिस्ता बुनियाद. मराठी पत्रांत औरंगाबाद आणि अवरंगाबादही. आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर. यंत्राला ‘औरंगाबाद’ शोधावयास सांगितलें तर खडकी सांपडणार नाहीं, आणि खडकी शोधावयास सांगितलें तर पुण्याजवळची खडकी आधीं येईल. ‘संभाजी’ शोधला तर छत्रपति, त्यांच्या नांवाचे गांवोगांवचे पाटील व आतां सबंध शहर, अशी गर्दी होईल. फारशी लिपींत पैठण हें ‘पटण’ असें वाचलें जाण्याचा संभव मोठा, मग गुजराथचें पाटण व साताऱ्याकडचें पाटण त्याच पंक्तीस येऊन बसतात. गेल्या कांहीं वर्षांत उस्मानाबादचें धाराशिव व अहमदनगरचें अहिल्यानगर झालें आहे. पन्नास वर्षांनीं सूची पाहणारास हीं नांवें एकाच जागेचीं आहेत हें सांगणारें कोणी तरी पाहिजे. कोणत्या काळांत कोणतें नांव, कोणत्या लिपींत कसें, याचा स्थळकोश आधीं माणसांनीं तयार केला तरच यंत्राची सूची कामाची. हा कोश करण्यास अभ्यासकांचा थोडा वेळ लागेल, यंत्र मुळींच लागणार नाहीं. आणि तो आजवर झालेला नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें.

वास्तविक अशा कामाची परंपरा या शहरास परकी नाहीं. शाहनवाजखान समसामुद्दौला यानें येथेंच ‘मआसिर-उल्-उमरा’ हा मोगल उमरावांच्या सातशेंहून अधिक चरित्रांचा कोश रचला, आणि चरित्रें वर्णानुक्रमानें लावलीं. विखुरलेल्या तवारिखांतलें ज्ञान एका माणसाच्या नांवाखालीं आणून बसविणें, हें ज्याला आज ज्ञानव्यवस्थापन असें भारदस्त नांव देतात तेंच नव्हे काय? १७५८ मध्यें तो मारला गेला, घर लुटलें गेलें व ग्रंथाचे कागद नाहींसे झाले. त्याचा मित्र गुलाम अली आझाद बिलग्रामी यानें ते पुढें शोधून काढून जुळविले, आणि अखेर खानाच्या मुलानें ग्रंथ पुरा केला. आझादाची कबर खुलदाबादेस आहे. एका प्रतीवर अवलंबून राहिलेलें ज्ञान किती क्षणभंगुर, हें या हकीकतीवरून कळतें. आणि प्रतिमा घेऊन ठेवण्याच्या बाजूनें याहून चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें संग्राहकांस दोन शब्द कडू वाटले तरी बोलणें भाग आहे. मराठवाड्यांतील कित्येक रुमाल व महानुभावी पोथ्या आजही खासगी घरांत व मठांत आहेत. ‘आधीं आमचें छापून होऊं द्या’ किंवा ‘दाखविलें तर सरकार नेईल’ या दोन सबबींवर ते बांधलेले राहतात, आणि वाळवी दोन्ही सबबी ऐकत नाहीं. एका संग्राहकानें आमच्या एका सभासदास रुमाल दाखविण्याचें कबूल करून तीन पावसाळे घालविले. चौथ्या पावसाळ्यानंतर दाखविला तेव्हां वरचीं पानें चिकटून एक झालीं होतीं. तीं आतां माणसाच्यानें सुटत नाहींत व यंत्राच्यानें दिसत नाहींत. उलट पक्षीं संग्राहकांचा संशय अगदींच निराधार आहे असेंही नाहीं. प्रतिमा एकदां दुसऱ्याच्या संगणकांत गेली म्हणजे तिच्यावर कोणाचें यंत्र शिकेल, त्याचा लाभ कोणास होईल, व मूळ कागदाच्या धन्याचें नांव कोठें राहील कीं नाहीं, हें आज करारांत लिहिलेलें नसतें. तें लिहून घ्यावें. २०२५ मध्यें ज्ञानभारतम् या केंद्रीय योजनेची घोषणा झाली असून तींत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी व जतन योजिलें आहे. पैसा व माणसें दारीं येतील तेव्हां अटी घालण्याची वेळ निघून गेलेली असेल.

महानुभावी पोथ्यांविषयीं एक गोष्ट विशेष आहे. त्यांतील सकळ लिपी मुद्दाम अक्षरांची अदलाबदल करून योजिलेली. जें यंत्र मराठीच्या संभवावर चालतें तें येथें आंधळें होईल, कारण पुढें येणारें अक्षर मराठीच्या नियमानें येतच नाहीं. आणि ज्याला त्या लिपीची किल्ली ठाऊक आहे त्याला असल्या यंत्राची गरजही नाहीं, साधें कोष्टक पुरे. पाठभेद ताडून पाहण्याच्या कामीं मात्र यंत्रासारखा मदतनीस नाहीं. एका लीळेचे आठ प्रतींतले पाठ शेजारीं मांडून भेद तेवढे दाखवावे, हें काम तें न थकतां करतें, व त्यांत त्याला स्वतःचें कांहीं घालण्यास वाव नसतो. जेथें यंत्रानें तुलना करावयाची तेथें त्यास खुशाल जुंपावें. रचना करण्याची पाळी येईल तेथें त्याचा हात धरावा.

या त्रैमासिकाकडे लेख धाडणारांस यापुढें एवढी विनंती आहे. कागदाचें लिप्यंतर यंत्राच्या साह्यानें केलें असल्यास तसें पहिल्या ओळींत लिहावें. यंत्रानें दिलेलें पहिलें वाचन न बदलतां जपून ठेवावें, आणि आपण केलेल्या दुरुस्त्या वेगळ्या दाखवाव्या. जेथें मूळ कागदावर अक्षर दिसत नाहीं तेथें, यंत्रानें कांहींही सुचविलें असो, टिंबेंच द्यावींत. केवळ यांत्रिक वाचनावर आधारलेला उतारा पुरावा म्हणून आम्ही छापणार नाहीं. मूळ पानाची प्रतिमा सोबत पाहिजे. आणि पैठण, अंबड, वैजापूर, कन्नड या बाजूंचे निजामी अमलांतील मोडी कागद ज्यांच्यापाशीं आहेत त्यांनीं, अटी लेखी ठरवून, कांहीं शेंकडा पानांच्या प्रतिमा संशोधकांस द्याव्या, म्हणजे पुढच्या यंत्राच्या शिकवणींत या भागाचें वळण निदान असेल तरी. प्रतिमा कागदाच्या दोन्ही बाजूंच्या घ्याव्यात, आणि रुमालाचा क्रमांक चौकटींत यावा. कागद पोंचल्याची मिति व कारकुनाचा शेरा बहुधा पाठीवरच असतो, आणि कोरी म्हणून तीच बाजू आजवर सर्वांत अधिक वेळां वगळली गेली आहे.